ज्या देशातून सुवार्ता आली, त्या देशातील अविश्वास

नाताळचा सण आटोपून आठ-दहा दिवस झाले होते. सायंकाळची उपासना संपली, सर्व लोक घरोघर गेले, तरी आमच्या मंडळीतील एक वृद्ध बाई बाकावर तशाच बसून राहिल्या. या बाईंनी चाळीस वर्षे शब्बाथशाळेत लहान मुलांस शिकविले आहे. त्यांचा एकुलता मुलगा हुशार निघाला, पुण्यास शिकला, आणि पुढे अमेरिकेत बोस्टन शहरी जाऊन तेथेच नोकरीस लागला. सणाच्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा आईने नेहमीप्रमाणे विचारले, "अरे, देवळात जाऊन आलास ना?" तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आई, तुझ्याशी खोटे बोलवत नाही. दोन वर्षे झाली, मी जात नाही. देव आहे असे मला आता वाटत नाही."

हे सांगून बाईंनी आम्हांस दोन प्रश्न विचारले. पहिला असा की, "पाळकसाहेब, त्याच मुलखातल्या लोकांनी आपल्या पणज्यांच्या हाती शास्त्र दिले ना? मग तिथेच जाऊन माझे पोर देवाला कसे विसरले?" दुसरा प्रश्न त्यांनी पदराने डोळे पुसत विचारला. "मंडळीतले काहीजण म्हणतात, त्याचे नाव पटावरून काढावे. उन्हाळ्यात तो घरी यायचा आहे. मी त्याला काय म्हणून घरात घेऊ?"

त्या रात्री आम्हांस उत्तर देता आले नाही. पुढे पुष्कळ विचार केला, थोडे वाचन केले, आणि जे सुचले ते आता सर्व मंडळ्यांपुढे ठेवीत आहो. कारण हा प्रश्न एकाच घरचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अमेरिकेतील संयुक्त संस्थानांत प्यू नावाची एक संशोधनसंस्था लोकांस त्यांच्या धर्माविषयी प्रश्न विचारून मोजदाद करीत असते. इ. स. २००७ साली तेथील प्रौढांपैकी शेकडा ७८ लोकांनी आपण ख्रिस्ती आहो असे सांगितले होते. २०२३-२४ च्या मोजणीत हा आकडा ६२ वर आला. आपला कोणताच धर्म नाही असे म्हणणारे २००७ साली शेकडा १६ होते, ते आता २९ झाले आहेत. गॅलप नावाच्या दुसऱ्या संस्थेने १९३७ साली विचारले तेव्हा शेकडा ७३ लोक कोणत्या ना कोणत्या उपासनामंदिराचे सभासद होते. २०२० साली ते ४७ उरले, म्हणजे निम्म्याहून कमी. हे आकडे लहान नव्हेत, आणि ते झाकून ठेवण्यात काही पुण्य नाही.

तथापि आकडा हा नीट निवडून पाहावा लागतो. धर्म नाही म्हणणारे ते सर्व नास्तिक, असे समजणे चूक होय. त्या २९ पैकी देव नाहीच असे ठामपणे म्हणणारे सुमारे ५ आहेत. देव आहे की नाही हे मनुष्यास कळणे शक्य नाही, असे मानणारे अज्ञेयवादी सुमारे ६ आहेत. बाकीचे १९ च्या आसपास लोक केवळ एवढेच म्हणतात की, आम्ही विशेष असे काहीच नाही. (आकडे पूर्णांकांत असल्यामुळे बेरजेत एकाचा फरक पडतो.) त्याच मोजणीत शेकडा ८३ लोकांनी देव अथवा एखादी विश्वव्यापी आत्मिक शक्ती आपण मानतो असे सांगितले, आणि २०२० च्या सुमारापासून ही घसरण मंदावल्याचेही दिसून आले आहे. तेव्हा देव नाहीच असे म्हणून निघून गेलेले थोडे आहेत. उंबरठ्यावर उभे राहून आत यावे की न यावे याचा विचार करणारे, अथवा विचार करणेही सोडून दिलेले, पुष्कळ आहेत. मात्र तरुणांकडे पाहिले असता आपला धर्म नाही म्हणणारे आणि ख्रिस्ती म्हणविणारे यांची संख्या जवळजवळ सारखी भरते. बाईंचा मुलगा त्या तरुणांतील एक आहे.

हा अविश्वास आजकालचाच आहे काय? नाही. आमच्या मराठी मुलखात गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले. ते ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यातून आले, तेथे त्या वेळी गावच्या मंडळीच्या खर्चासाठी लोकांकडून कायद्याने कर घेतला जात असे. ही पद्धत १८३३ साली बंद झाली. म्हणजे आपल्या वाडवडिलांस सुवार्ता सांगणारे लोक जेव्हा गलबतात बसले, तेव्हा त्यांच्या मागे राहिलेल्या गावांत देवळाचा खर्च काही अंशी सरकारी हुकुमाने चालत होता. आज त्याच न्यू इंग्लंड प्रदेशातील राज्ये सर्व देशात धर्माविषयी अधिक उदासीन म्हणून गणली जातात. ज्या झाडास कायद्याचा टेकू दिलेला असतो त्याची मुळे किती खोल गेली आहेत, हे टेकू काढल्यावाचून समजत नाही.

शंका घेणारे लोकही त्या देशात पहिल्यापासून आहेत. टॉमस पेन याच्या लेखणीने १७७६ साली त्या राष्ट्राच्या स्वातंत्र्याला बळ दिले. पुढे १७९४ साली त्याने शास्त्रांवर टीका करणारा ग्रंथ छापला. तो एक देव मानीत होता, तरी लोकांनी त्यास नास्तिक ठरविले, आणि १८०९ साली तो मेला तेव्हा त्याच्या प्रेताबरोबर मोजकीच माणसे होती. असे असूनही त्या राष्ट्राने आपल्या १७८७ च्या घटनेत लिहून ठेविले की, कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची परीक्षा घेतली जाणार नाही. १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने सरकारने कोणताही धर्म स्थापू नये व कोणाच्या धर्माचरणास आडकाठी करू नये असे ठरविले. तरीही मेरीलँड राज्यात एका मनुष्यास, देव आहे असे शपथेवर सांगत नाही एवढ्याच कारणावरून, नोटरीचे काम नाकारण्यात आले. त्याने दाद मागितली, आणि १९६१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला.

या निकालाने ख्रिस्ती धर्माची हानी झाली असे ज्यांस वाटते, त्यांनी क्षणभर थांबून विचार करावा. नोकरीसाठी जो देवाचे नाव घेतो त्याचा विश्वास देवास हवा आहे काय? आपल्या लोकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने त्यांचे पाणी तोडले, सोयऱ्यांनी दारे लावली. त्या वेळी आपल्या पूर्वजांनी हेच मागितले होते की, आमच्या मनास जे खरे वाटते ते आम्हांस मानू द्या. जो हक्क आम्ही आत येण्यासाठी मागितला, तो दुसऱ्यास बाहेर जाण्यासाठी नाकारता येत नाही. ज्या दारातून बाहेर पडता येत नाही, ते दार कोंडवाड्याचे असते, मंडळीचे नसते.

आता लोक बाहेर का पडले, हा मुख्य प्रश्न. सामान्यतः असे सांगण्यात येते की, विज्ञानाने त्यांचा विश्वास घेतला. यात थोडे तथ्य आहे. १९२५ साली टेनेसी राज्यातील डेटन गावी स्कोप्स नावाच्या शिक्षकावर, मनुष्याची उत्पत्ती खालच्या प्राण्यांपासून झाली असे शाळेत शिकविल्याबद्दल खटला झाला, आणि त्यास शंभर डॉलर दंड झाला. पुढे वरिष्ठ न्यायालयात दंड रद्द झाला, तरी तो कायदा १९६७ पर्यंत टिकला. त्या खटल्यापासून कित्येक तरुणांच्या मनाने असे घेतले की, शाळा व देऊळ यांपैकी एकच निवडले पाहिजे. परंतु ही निवड विज्ञानाने त्यांच्यापुढे ठेविली नव्हती. ती बहुतांशी भ्यालेल्या धार्मिकांनी ठेविली. डार्विनच्या मताचा अमेरिकेत पहिल्याने कैवार घेणारा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हा स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होता. आमच्या काळी मनुष्याच्या जनुकांचा आराखडा तयार करण्याचे जे मोठे काम २००३ साली पुरे झाले, त्याचे प्रमुख डॉक्टर फ्रान्सिस कॉलिन्स हे तारुण्यात नास्तिक होते. वैद्यकी शिकत असता एका आजारी वृद्ध स्त्रीने आपल्या विश्वासाविषयी त्यांस सांगितले व विचारले, "आणि तुम्ही काय मानता?" त्यांजपाशी उत्तर नव्हते. त्या प्रश्नापासून त्यांचा शोध सुरू झाला, असे त्यांनीच लिहिले आहे. त्या स्त्रीने त्यांस वादात हरविले नव्हते. तिने केवळ आपुलकीने विचारले होते.

विज्ञानापेक्षा मोठे कारण निराळे आहे, आणि ते सांगताना आम्हां पाळकांची मान खाली जाते. ते कारण म्हणजे विश्वास सांगणाऱ्यांचे वर्तन. फ्रेडरिक डग्लस हे गुलामगिरीत जन्मले व तीतून निसटून स्वतंत्र झाले. त्यांनी १८४५ साली आपले चरित्र छापले. त्यात ते सांगतात की, आपला मालक एका धर्मसभेत जाऊन भक्तिमान झाला, आणि त्यानंतर तो पूर्वीपेक्षा अधिक क्रूर झाला. डग्लस यांनी आपला रोष ख्रिस्तावर नसून गुलाम राखणाऱ्यांच्या धर्मावर आहे, असे मुद्दाम खुलासा करून लिहिले. त्याच १८४५ साली दक्षिणेकडील बॅप्टिस्ट मंडळ्या उत्तरेकडील मंडळ्यांपासून वेगळ्या झाल्या, आणि त्या वादाच्या मुळाशी गुलामगिरी होती. तिच्याबद्दल त्यांनी जाहीर क्षमा मागितली ती १९९५ साली. ज्या अमेरिकन बोर्डाने आमच्या मुलखात मिशनरी पाठविले, त्या बोर्डानेही गुलाम राखणाऱ्यांविषयी कठोर भूमिका घेण्याचे टाळले, आणि त्यामुळे नाराज झालेल्या लोकांनी १८४६ साली दुसरी संस्था स्थापिली. उपकारकर्त्यांचे दोष सांगणे कृतघ्नपणाचे नव्हे. त्यांनीच आम्हांस खरे बोलण्यास शिकविले आहे.

अलीकडचे पाहू. २००२ साली बोस्टनमधील एका वर्तमानपत्राने, तेथील रोमन कॅथोलिक धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार व वरिष्ठांनी घातलेले पांघरूण उघडकीस आणले. २०१८ साली पेनसिल्व्हेनिया राज्याच्या चौकशीत तीनशेहून अधिक धर्मगुरूंची नावे व एक हजाराहून अधिक पीडित मुलांची माहिती बाहेर आली. आपण प्रोटेस्टंट आहो म्हणून सुटकेचा श्वास टाकू नये. २०२२ साली दक्षिणेकडील बॅप्टिस्टांच्या चौकशीचा अहवाल निघाला, त्यातही पुढाऱ्यांनी पीडितांच्या तक्रारी वर्षानुवर्षे बाजूस सारल्याचे दिसून आले. यांत भर राजकारणाची. १९५४ साली तेथील राष्ट्रप्रतिज्ञेत देवाचे नाव घालण्यात आले, आणि १९५६ साली देवावर भरवसा हे राष्ट्राचे ब्रीद ठरले. त्याच पिढीची नातवंडे आज देवळाबाहेर आहेत. हाऊट व फिशर या दोन समाजशास्त्रज्ञांनी २००२ साली दाखविले की, धर्म एका राजकीय पक्षाच्या दावणीस बांधला गेला असे वाटून अनेकांनी धर्माचे नावच टाकले. नाण्यावर देवाचे नाव कोरता येते. मनावर ते असे कोरता येत नाही.

खळ्यात उफणणी करताना वारा सुटला म्हणजे फोल उडते व दाणा खाली राहतो, हे आपण सर्व जाणतो. कोणी उपदेशक म्हणेल, शंकेचा वाराही तसाच आहे. जे गेले ते फोल होते, त्यांची चिंता कशास? आम्ही असे म्हणणार नाही. बाईंचा मुलगा फोल नाही. वाऱ्याने जे उडवावयाचे ते आमचे ढोंग होय. ते आम्ही दाण्याशी इतके घट्ट चिकटवून ठेविले की, वाऱ्याबरोबर दाणाही गेला.

येथे विचाराचा खरा गाठीचा प्रश्न येतो. देव न मानणारा मनुष्य चांगला असू शकतो काय? आपल्या उपदेशांत पुष्कळ वेळा असे ध्वनित होते की, नास्तिक म्हणजे अनीतिमान. अमेरिकेतही असेच समजत. १९५८ साली, योग्य असला तरी नास्तिक मनुष्यास अध्यक्षपदासाठी मत देऊ असे म्हणणारे शेकडा १८ च होते. २०२० साली ते ६० झाले. आता एक गोष्ट ऐका. रॉबर्ट इंगरसॉल (१८३३-१८९९) हा पाळकाचा मुलगा. तो कर्नल म्हणून यादवी युद्धात लढला, इलिनॉय राज्याचा मुख्य सरकारी वकील झाला, आणि गावोगाव सशुल्क व्याख्याने देऊन धर्माचे खंडन करू लागला. लोक त्यास महान अज्ञेयवादी म्हणत. त्याच राज्यात पिओरिया म्हणून एक गाव आहे. तेथे पूर्वी फ्रेडरिक डग्लस यांस, ते काळे म्हणून, हॉटेलात जागा नाकारण्यात आली होती. पुढे एकदा कडाक्याच्या थंडीत पुन्हा त्या गावी जाण्याचा प्रसंग आला, आणि रात्र कोठे काढावी ही चिंता त्यांनी एका मित्रास बोलून दाखविली. मित्राने सांगितले, पिओरियात असा एक मनुष्य आहे की, रात्री कोणत्याही वेळी तुम्ही त्याचे दार ठोठावा, तो तुम्हांस आनंदाने घरात घेईल. त्याचे नाव इंगरसॉल. त्या रात्री डग्लस यांस दुसरीकडे जागा मिळाली, परंतु सकाळी ते मुद्दाम इंगरसॉलच्या घरी गेले आणि तेथे त्यांचे मनापासून स्वागत झाले. ही हकीकत डग्लस यांनी स्वतः लिहून ठेविली आहे, आणि खरा चांगुलपणा देवळाच्या आत असो की बाहेर, तो एकच असतो, असा तिचा अर्थ त्यांनी काढला.

त्या गावात त्या काळी देवळे नव्हती असे नाही. तरी काळ्या वाटसरूसाठी रात्री उघडेल असे दार म्हणून मित्राच्या तोंडी नाव आले ते देव न मानणाऱ्याचे. हा दाखला वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलो.

असा दाखला एकच नाही. फेलिक्स ॲडलर हा यहूदी धर्मगुरूचा पुत्र. त्याने १८७६ साली न्यूयॉर्क शहरी, ईश्वरविषयक मताची अट न घालता, नीतीच्या पायावर एक समाज स्थापिला, गरिबांच्या मुलांसाठी मोफत बालवर्ग काढला, आणि पुढे बालमजुरीविरुद्धच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्षपद सांभाळले. १९६३ साली वॉशिंग्टन येथे काळ्या लोकांच्या हक्कांसाठी जो मोर्चा निघाला, त्याचे नेतृत्व करणारे ए. फिलिप रँडॉल्फ हे पाळकाचे पुत्र असून पुढे त्यांनी १९७३ सालच्या मानवतावादी जाहीरनाम्यावर सही केली. आणि त्याच मोर्चात रेव्हरंड मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण झाले. एक देव न मानणाऱ्यांच्या जाहीरनाम्यास दुजोरा देणारा, दुसरा देवाचा सेवक. काम मात्र एकाच रस्त्यावर.

मग कोणी विचारील, देवावाचून चांगले होता येते, तर विश्वास कशाला? या प्रश्नास आमचे उत्तर असे. चांगले वागणे हा एक प्रश्न, आणि चांगुलपणा कोठून येतो हा दुसरा. विहिरीचे पाणी पिणाऱ्यास झरा कोठे आहे हे ठाऊक असावे लागत नाही. प्रेषित पौलानेही नियमशास्त्र न मिळालेल्या लोकांच्या अंतःकरणावर ते शास्त्र लिहिलेले असते असे सांगितले आहे, आणि प्रभूने आपल्या दाखल्यात जखमी मनुष्यास उचलण्याचा मान याजकास न देता शोमरोन्यास दिला. विचारी नास्तिक यावर म्हणेल, झऱ्याची गरज नाही. मनुष्ये पिढ्यानुपिढ्या एकत्र राहिली, त्यांतून दया उपजली, आणि दुसऱ्याचे दुःख माझ्यासारखेच आहे एवढे मला पुरे. हे उत्तर हलके नव्हे. दया कशी वाढली हे विज्ञान सांगो; ते आम्ही ऐकू. परंतु थंडीत दार ठोठावणारा मनुष्य मला काही देऊ शकत नसताना, उलट माझे नुकसान होणार असताना, मी त्याचे देणे लागतो, ही जी सक्ती अंतःकरणास वाटते, तिच्यापाशी आम्हांस कोणाच्या तरी हाकेचा आवाज येतो. हे गणितासारखे सिद्ध करून दाखविता येत नाही. आमचा विश्वास म्हणजे त्या आवाजावर टाकलेला भरवसा होय, आणि ज्यास तो आवाज ऐकू येत नाही त्यास बहिरा म्हणून हिणविण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिलेला नाही.

न्यायाने पाहता अविश्वासाच्या घरीही दोष आहेतच. २००१ साली न्यूयॉर्कवर हल्ला झाला, त्यानंतर सॅम हॅरिस यांनी २००४ साली व ख्रिस्तोफर हिचन्स यांनी २००७ साली जे ग्रंथ लिहिले, त्यांत धर्माचे अनेक गुन्हे खरे दाखविले आहेत. परंतु मारेकऱ्याचा धर्म व रात्रभर रोग्याच्या उशाशी बसणाऱ्या परिचारिकेचा धर्म एकाच तराजूत घातला आहे. दुसरा दाखला अधिक दुःखाचा आहे. मॅडलिन मरे ओहेअर या बाईंनी सरकारी शाळांत सक्तीचे बायबलवाचन व प्रार्थना नको म्हणून आपल्या मुलासाठी दावा लावला. १९६३ साली न्यायालयाने त्यांच्या व आणखी एका कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी त्यांनी नास्तिकांची संघटना काढली. लोकांनी त्यांचा फार द्वेष केला. पुढे १९८० साली त्यांचा तोच मुलगा ख्रिस्ती झाला व उपदेश करू लागला, तेव्हा आईने त्याच्याशी असलेले नाते जाहीरपणे तोडले. १९९५ साली पैशांसाठी त्या बाईंचा, धाकट्या मुलाचा व नातीचा खून झाला. मायलेकांची भेट राहून गेली ती कायमचीच.

बाईंच्या प्रश्नाचा विचार करताना हा दाखला आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. एका घरी नास्तिक आई व विश्वासी मुलगा. दुसऱ्या घरी विश्वासी आई व नास्तिक मुलगा. मताची बाजू उलट, परंतु दार लावण्याचे पाप दोन्हीकडे एकच. पोटच्या पोरास मतासाठी दाराबाहेर ठेवणे, हे जर त्या नास्तिक आईकडून चुकले असे आपण म्हणतो, तर आपल्या घरी ते पुण्य कसे होईल?

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. आम्ही या मंडळीत नवे आलो तेव्हा तो मुलगा पंधरा वर्षांचा होता. त्या पावसाळ्यात वस्तीवरील एक लहान मुलगी साप चावून मेली. पुढच्या आठवड्यात बाप्तिस्म्याच्या तयारीच्या वर्गात त्याने उभे राहून विचारले, "देव सर्व पाहतो, तर त्याने तिला का वाचविले नाही?" आम्ही तरुण होतो, उत्तर ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही असे म्हणण्याचे धैर्यही नव्हते. आम्ही म्हणालो, "असे प्रश्न सैतान मनात घालतो. खाली बैस." तो खाली बसला. त्यानंतर त्याने आम्हांस कधी काही विचारले नाही, आणि आम्ही त्यास मोठा विश्वासू मुलगा समजत राहिलो. बोस्टनने त्याचा विश्वास नेला असे म्हणणे आम्हांस सोयीचे आहे. परंतु त्याचा विश्वास जेथे पहिल्याने एकटा पडला, ती जागा आमच्या देवळातील तिसऱ्या बाकाजवळ आहे. ईयोबाने देवास याहून कठीण प्रश्न विचारले, आणि देवाने शेवटी त्याच्या उपदेशखोर मित्रांस दोष दिला, ईयोबाचा पक्ष उचलला. थोमाने खुणा पाहावयास मागितल्या, त्यास प्रभूने वर्गातून घालविले नाही, हात पुढे केले. हे सर्व आम्ही शिकलो होतो, शिकविलेही होते. त्या दिवशी आठवले नाही.

आता बाईंच्या दोन प्रश्नांचे उत्तर. ज्या देशातून सुवार्ता आली तेथे ती नाहीशी झाली काय? नाही; परंतु तेथे तिच्यावरचे कायद्याचे, रूढीचे व प्रतिष्ठेचे आवरण गळून पडत आहे, आणि आवरणालाच जे विश्वास समजत होते ते रिकाम्या हातांनी उभे आहेत. तेथे विश्वास धरणाऱ्यास आता तो मनापासूनच धरावा लागतो. पाळक तयार व्हावेत हा ज्या हार्वर्ड विद्यालयाच्या १६३६ च्या स्थापनेमागचा एक हेतू होता, तेथील निरनिराळ्या धर्मांच्या चॅप्लेनांनी २०२१ साली ग्रेग एप्स्टाइन या देव न मानणाऱ्या गृहस्थास आपला अध्यक्ष निवडले. ही बातमी ऐकून पुष्कळांस धक्का बसला. आम्हांस तीत दुसरेही काही दिसले: ज्या तरुणांनी देव सोडला त्यांसही दुःखात जवळ बसणारा, ऐकून घेणारा कोणीतरी हवाच असतो. ती भूक मेलेली नाही. ती भागविण्यास आम्ही योग्य आहो काय, हाच प्रश्न आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. बाई, तो मुलगा म्हणूनच घरात येईल. जेवणाआधी तुम्ही नेहमीप्रमाणे प्रार्थना करा. त्यास डोळे मिटण्याची सक्ती करू नका, आणि त्याच्या नावाने मोठ्याने रडून प्रार्थनेचा बाण करू नका. त्याने तुम्हांस खरे सांगितले, हे विसरू नका. खोटे बोलून तुम्हांस खूश ठेवणे त्यास सोपे होते. परंतु आईशी खोटे बोलू नये हे त्यास तुम्हीच शिकविले, आणि ते शिक्षण त्याने अजून टाकलेले नाही.

पंचांच्या सभेत हा विषय निघेल तेव्हा आमचे मत असे राहील की, नाव पटावर असू द्यावे. त्याने स्वतः होऊन, आता हे नाव खरे नाही म्हणून काढा, असे सांगितले तर त्याच्या सद्सद्विवेकाचा मान राखून तसे करावे, आणि तरीही त्याची जागा राखावी. त्याच्या आधी ज्यांची नावे तपासावीत अशी आमच्या पटावर पुष्कळ आहेत, आणि पहिले नाव पाळकाचे आहे. तो येईल तेव्हा आम्ही त्यास भेटावयास जाणार आहो. त्यास पटविण्याचा हेतू नाही. अठरा वर्षांपूर्वी त्याने एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर आम्हांस अजूनही ठाऊक नाही, हे त्यास सांगावयाचे आहे, आणि त्या दिवशी त्यास खाली बसविले याची क्षमा मागावयाची आहे.